स्वतः लिहिलेल्या फंक्शनला मदतीचा मजकूर कुठे आणि कसा जोडायचा

प्रश्न थोडक्यात असा: ऑफिसच्या एका वर्कबुकसाठी व्हीबीएमध्ये (एक्सेलच्या आतली प्रोग्रामिंगची भाषा) चार-पाच फंक्शन्स लिहिली आहेत, सहकारी ती रोज वापरतात. पण फंक्शन निवडायच्या चौकटीत त्यांच्याखाली ‘नो हेल्प अव्हेलेबल’ एवढंच दिसतं. एक्सेलच्या स्वतःच्या फंक्शन्सना असते तशी माहिती, प्रत्येक आर्ग्युमेंटच्या (म्हणजे कंसात द्यायच्या किमतीच्या) खुलाशासकट, आपल्या फंक्शनला देता येईल का? टाइप करताना सेलखाली जी छोटी पट्टी तरंगते, ती मिळेल का? आणि हे मराठीत लिहिता येईल का?

पहिल्याचं उत्तर हो. दुसऱ्याचं, सरळ मार्गाने नाही. तिसऱ्याचं, तुम्ही कुठे लिहिताय त्यावर आहे. आता एकेक घेऊ.

आधी एक गोंधळ दूर करतो, कारण निम्मे लोक इथेच अडकतात. एक्सेलमध्ये फंक्शनची मदत दोन वेगळ्या ठिकाणी दिसते. एक म्हणजे शिफ्ट+एफ३ दाबल्यावर उघडणारी ‘इन्सर्ट फंक्शन’ची चौकट आणि तिच्या पाठोपाठ येणारी आर्ग्युमेंट्सची चौकट. दुसरी म्हणजे सेलमध्ये बरोबरचं चिन्ह टाकून नाव लिहायला लागलं की खाली येणारी यादी, आणि कंस उघडला की दिसणारी आर्ग्युमेंट्सची पट्टी. व्हीबीएच्या फंक्शनला पहिल्या ठिकाणी हवा तेवढा मजकूर देता येतो. दुसऱ्या ठिकाणी यादीत फक्त नाव येतं, आणि कंस उघडल्यावर काहीच येत नाही. तुमच्या कोडमध्ये काही चुकलंय असं नाही. एक्सेलने ती सोय व्हीबीएच्या फंक्शन्सना दिलेलीच नाही. इंटरनेटवरचा उपाय करून ‘पट्टी का येत नाही’ म्हणत बसू नका, तो उपाय बहुतेक पहिल्या जागेसाठीचा असतो.

आता पहिली जागा. काम करणारी मेथड एकच, ॲप्लिकेशन ऑब्जेक्टची मॅक्रोऑप्शन्स. आर्ग्युमेंटनिहाय खुलासा देण्याची सोय तिच्यात एक्सेल २०१०पासून आहे. त्याआधी लोक जुन्या एक्सेल ४ मॅक्रोंमधलं रजिस्टर वापरून, विंडोजच्या एखाद्या डीएलएलमधल्या भलत्याच फंक्शनवर आपलं नाव चिकटवून हा खेळ करायचे. तसा कोड कुठल्या जुन्या फाइलमध्ये सापडला तर घाबरू नका, पण नव्याने लिहूही नका.

उदाहरणासाठी लेटफी नावाचं फंक्शन धरू. त्याला चार आर्ग्युमेंट्स: रक्कम, दर, दिवस आणि ऐच्छिक सवलत. मदत जोडणारा मॅक्रो असा दिसेल. कोड इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिला आहे. एडिटरमध्ये सगळं रोमन लिपीत टाकायचं.

सब मदतजोडा()
ॲप्लिकेशन.मॅक्रोऑप्शन्स _
मॅक्रो:="लेटफी", _
डिस्क्रिप्शन:="थकीत रकमेवर लेट फी काढते...", _
कॅटेगरी:="वसुली", _
आर्ग्युमेंटडिस्क्रिप्शन्स:=ॲरे("रकमेबद्दल...", "दराबद्दल...", "दिवसांबद्दल...", "सवलतीबद्दल...")
एंड सब

हा मॅक्रो साध्या मॉड्यूलमध्ये ठेवा, एकदा चालवा, फाइल सेव्ह करा. झालं. मजकूर फाइलबरोबर साठतो, त्यामुळे वर्कबुक उघडताना दर वेळी तो चालवायची गरज नसते. बरेच जण हौसेने वर्कबुक-ओपनमध्ये टाकतात, आणि मग पुढे सांगतो ती १००४ची एरर सहकाऱ्याच्या मशीनवर सकाळी सकाळी उगवते.

काही बारकावे. आर्ग्युमेंट्सचे खुलासे ॲरेमध्येच (एकत्र बांधलेल्या यादीत) द्यावे लागतात, फंक्शनला एकच आर्ग्युमेंट असलं तरी. नुसती स्ट्रिंग, म्हणजे अवतरणातला मजकूर, दिली तर चालत नाही. खुलाशांचा क्रम फंक्शनच्या ओळीतल्या क्रमाप्रमाणे. मध्ये नवीन आर्ग्युमेंट घुसवलं आणि ॲरे तसाच राहिला, तर सगळे खुलासे एक घर सरकतात आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. मजकुराची मर्यादा २५५ अक्षरांची. कॅटेगरीत आकडा दिला तर एक्सेलच्या ठरलेल्या गटात फंक्शन जातं: १ म्हणजे फायनान्शियल, ७ टेक्स्ट, १४ म्हणजे यूझर डिफाइन्ड, जिथे न सांगता सगळी फंक्शन्स जातातच. स्ट्रिंग दिली तर त्या नावाचा नवा गट तयार होतो. माझं मत विचाराल तर नवा गटच करा. आपलं फंक्शन एक्सेलच्या फायनान्शियल गटात नेऊन बसवलं की लोकांना ते एक्सेलचंच वाटतं, आणि मग दुसऱ्या फाइलमध्ये ते का चालत नाही हे विचारायला तुमच्याच टेबलापाशी येतात.

घाई असेल आणि आर्ग्युमेंटनिहाय खुलासे नको असतील, तर कोड न लिहिताही फंक्शनचं वर्णन देता येतं. व्हीबीए एडिटरमध्ये एफ२ दाबून ऑब्जेक्ट ब्राउझर उघडा, आपलं फंक्शन शोधा, राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये जा, डिस्क्रिप्शनच्या खोक्यात लिहा. किंवा एक्सेलमध्ये ऑल्ट+एफ८ दाबा. त्या यादीत फंक्शन्स दिसत नाहीत, पण वरच्या खोक्यात फंक्शनचं नाव हाताने लिहिलं की ‘ऑप्शन्स’चं बटण जिवंत होतं. ही खुबी वर्षानुवर्षं एक्सेल वापरणाऱ्यांनाही अनेकदा माहीत नसते.

फंक्शनचं वर्णन नेमकं कुठे साठतं हे एकदा डोळ्यांनी पाहून घ्या, पुढची एक अडचण त्यातून आपोआप समजते. मॉड्यूल एक्सपोर्ट करा आणि ती फाइल नोटपॅडमध्ये उघडा. फंक्शनच्या ओळीखाली ‘ॲट्रिब्यूट’ शब्दाने सुरू होणाऱ्या ओळी दिसतील. एकीत तुमचं वर्णन, दुसरीत गटाचा आकडा. एडिटर या ओळी दाखवत नाही. म्हणून काय होतं? तुम्ही फंक्शनचा कोड एका वर्कबुकमधून कॉपी करून दुसऱ्यात पेस्ट केला की दिसणारा कोड जातो, न दिसणाऱ्या ओळी मागेच राहतात. मदत गायब. मॉड्यूल एक्सपोर्ट करून दुसरीकडे इंपोर्ट केलं तर त्या ओळी सोबत जातात, पण रोजच्या धबडग्यात लोक कॉपी-पेस्टच करतात. यासाठीच मदत जोडणारा मॅक्रो फेकून न देता फंक्शनच्या शेजारीच ठेवायचा. फंक्शनचं नाव बदललं, कोड हलवला, आर्ग्युमेंट वाढलं, की तो पुन्हा एकदा चालवायचा.

आता ती १००४. मॅक्रोऑप्शन्स लपवलेल्या वर्कबुकवर चालत नाही. पर्सनल मॅक्रो वर्कबुकमध्ये, म्हणजे एक्सेलबरोबर आपोआप उघडणाऱ्या स्वतःच्या मॅक्रोंच्या फाइलमध्ये, फंक्शन्स ठेवली असतील तर हमखास ही एरर येते, कारण ती फाइल लपलेलीच असते. व्ह्यू टॅबवर जाऊन अनहाइड करा, मॅक्रो चालवा, परत हाइड करा, आणि एक्सेल बंद करताना त्या फाइलसाठी सेव्हला हो म्हणा. ॲड-इन (कुठल्याही वर्कबुकमध्ये वापरता येणारी जोड-फाइल) बनवलं असेल तर एडिटरमध्ये धिसवर्कबुकच्या प्रॉपर्टीजमध्ये इझॲडइन तात्पुरतं फॉल्स करा, मॅक्रो चालवा, पुन्हा ट्रू करून सेव्ह करा. त्याहून बरं म्हणजे ॲड-इन म्हणून सेव्ह करायच्या आधीच मदत जोडून टाकायची. आणि एकाच वेळी दोन-तीन वर्कबुकं उघडी असतील तर मॅक्रोच्या नावाआधी फाइलचं नाव आणि उद्गारचिन्ह लावा, म्हणजे भलत्या फाइलमध्ये शोधाशोध होणार नाही.

एवढं झालं की यांत्रिक भाग संपला. अर्धा तासही लागत नाही. खरं काम मजकुराचं आहे आणि तिथे बहुतेक जण एका ओळीत उरकतात: ‘लेट फी काढते.’ अहो, नाव वाचूनच ते कळतंय.

माझ्याच हातून झालेली गोष्ट सांगतो. वर म्हटलं तसंच फंक्शन मी लिहिलं होतं. दराच्या खुलाशात लिहिलं, ‘वार्षिक व्याजदर’. कुणी १८ टाकलं, कुणी ०.१८. फंक्शन आत शंभराने भागत होतं. १० हजारांवर ३० दिवसांची लेट फी पहिल्याला १४७.९५ आली, दुसऱ्याला १.४८. दुसऱ्याची शीट महिनाभर तशीच फिरली. मी खुलासा दुरुस्त केला: ‘वार्षिक व्याजदर, टक्क्यांत’. आता कोण चुकेल? पुढच्याच आठवड्यात पुन्हा १.४८. कारण त्या सहकाऱ्याने दर दुसऱ्या सेलमधून उचलला होता आणि त्या सेलमध्ये स्वच्छ १८% दिसत होतं. टक्क्यांतच होता की दर! पण टक्क्याचं फॉरमॅट असलेल्या सेलमध्ये आतली किंमत ०.१८ असते, दिसायला काहीही दिसो. तिसऱ्यांदा मी लिहिलं: ‘वार्षिक दर, साधा आकडा: १८. सेलमध्ये १८% असेल तर १००ने गुणून द्या.’ त्यानंतर तक्रार आली नाही.

कुणी म्हणेल, फंक्शननेच ओळखावं ना. दर १पेक्षा कमी दिसला की १००ने गुणावं. मी ते मुद्दाम केलं नाही. अर्धा टक्का दर असूच शकतो, आणि ०.५ दिल्यावर फंक्शनने त्याचे गुपचूप ५० टक्के केले तर ती चूक शोधणं पहिलीपेक्षा दसपट अवघड. (आज नव्याने लिहायचं झालं तर मी फंक्शनच एक्सेलच्या रिवाजाप्रमाणे ०.१८ घेणारं करेन. एक्सेलची स्वतःची व्याजाची फंक्शन्स तसंच मागतात आणि लोकांच्या बोटांना ती सवय असते. पण चालू फाइल्समधल्या शेकडो सूत्रांचा अर्थ मध्येच बदलायचा नसतो.)

तेव्हापासून खुलासा लिहिताना मी स्वतःला प्रश्न विचारतो: फंक्शन माहीत नसलेला माणूस इथे कोणती दोन वेगळी उत्तरं देऊ शकतो? दर टक्क्यांत की अपूर्णांकात. दिवस मोजताना सुरुवातीचा दिवस धरायचा की नाही. तारीख खरी तारीख हवी की मजकूर चालेल. एक सेल हवा की पट्टा दिला तरी चालेल. सवलत म्हणजे रकमेतली सूट की सवलतीचे दिवस! यातलं जिथे दुमत शक्य आहे तेवढंच लिहायचं. ‘रक्कम: इथे रक्कम लिहा’ यासारख्या वाक्यांनी २५५ अक्षरं खर्चून काय मिळतं?

माझ्या फंक्शनचं वर्णन शेवटी असं झालं: ‘थकीत रकमेवर साध्या व्याजाने लेट फी. वर्ष ३६५ दिवसांचं, उत्तर दोन दशांशांपर्यंत. दिवस ऋण असतील तर #व्हॅल्यू. उदा. लेटफी(१००००, १८, ३०) = १४७.९५’. यात सगळ्यात कामाचा भाग शेवटचा. उदाहरण उत्तरासकट असलं की माणूस तेच आकडे टाकून पाहतो, जुळलं की विश्वास बसतो, नाही जुळलं की तुमच्याकडे येतो. एररचं वाक्यही गाळू नका. #व्हॅल्यू दिसल्यावर फंक्शन बिघडलं असं लोकांना वाटतं. ते तुम्ही जाणूनबुजून परत केलंय हे मदतीतच लिहिलेलं असू दे.

ऐच्छिक आर्ग्युमेंटच्या खुलाशात एक गोष्ट हवीच: रिकामं सोडलं तर काय धरलं जातं. चौकटीत आवश्यक आर्ग्युमेंट्सची नावं ठळक आणि ऐच्छिकांची साधी दिसतात, तेवढं एक्सेल करतं. पण न दिल्यास शून्य धरलं जातं की आजची तारीख, हे तुम्हीच सांगायला हवं. आणि चौकटीत एका वेळी एकाच आर्ग्युमेंटचा खुलासा दिसतो, ज्या खोक्यात कर्सर आहे त्याचा. म्हणून ‘वरीलप्रमाणे’ किंवा ‘मागील आर्ग्युमेंट पाहा’ असं लिहू नका. वाचणाऱ्यासमोर वर काहीच नसतं.

मजकुराहूनही आधी वाचली जाते ती आर्ग्युमेंटची नावं. कोडमध्ये तुम्ही एक्स, वाय, टेंप१ लिहिलं असेल तर चौकटीतही तेच दिसणार. नाव ‘दर’ऐवजी ‘वार्षिकदर’ केलं, ‘सवलत’ऐवजी ‘सवलतीचेदिवस’ केलं की अर्धी मदत तिथेच झाली. आणि ही नावं सेलमध्येही कामी येतात: बरोबरचं चिन्ह, फंक्शनचं नाव लिहून कंट्रोल+शिफ्ट+ए दाबा, कंसात आर्ग्युमेंट्सची नावं आपोआप उमटतात. नुसतं कंट्रोल+ए दाबलं तर आर्ग्युमेंट्सची चौकट उघडते, तुमच्या सगळ्या खुलाशांसकट. पट्टी मिळत नाही म्हणून हळहळणाऱ्यांना मी आधी हे एवढंच शिकवतो. नाव, कंट्रोल+ए, बस. दहापैकी आठ जणांचं काम यातच भागतं.

त्या चौकटीचा एक त्रासही सांगून ठेवतो. एकेक खोकं भरत जाल तसं एक्सेल फंक्शन चालवून पाहतं आणि खाली उत्तर दाखवतं. फंक्शन हलकं असेल तर उत्तम. पण ते दुसरी फाइल उघडून काही शोधत असेल, डेटाबेसला विचारत असेल, तर प्रत्येक खोक्यागणिक माणूस घड्याळ बघत बसतो आणि मदत वाचायची सोडून चौकट बंद करतो. जुनी खुबी अशी: चौकट उघडी असताना ‘स्टँडर्ड’ नावाच्या कमांडबारवरचं पहिलं कंट्रोल बंद असतं. फंक्शनच्या सुरुवातीला त्याचं एनेबल्ड तपासा, फॉल्स असेल तर लगेच बाहेर पडा. रिबन आल्यावर कमांडबार दिसेनासे झाले, तरी ही तपासणी चालते.

आतल्या आत वापरायची मदतनीस फंक्शन्स प्रायव्हेट करून टाका. मग ती निवडायच्या चौकटीत येत नाहीत. दहा फंक्शन्सच्या यादीत लोकांना लागणारी चारच असतील तर बाकी सहांना सुंदर मदत लिहिण्यापेक्षा ती लपवणं बरं.

मॅक्रोऑप्शन्समध्ये हेल्पफाइल आणि हेल्पकॉन्टेक्स्टआयडी हेही आहेत. सीएचएम फाइल (विंडोजची मदतीच्या पानांची फाइल) बनवून चौकटीतल्या मदतीच्या दुव्यावर सविस्तर पान उघडता येतं. मी यात पडत नाही. नेटवर्कवर ठेवलेली किंवा इंटरनेटवरून आलेली सीएचएम विंडोज सुरक्षेपायी अडवतं, खिडकी उघडते आणि पान कोरं. त्यापेक्षा वर्कबुकमध्येच ‘मदत’ नावाची एक शीट ठेवा.

आता पट्टी. ती हवीच असेल तर रस्ता आहे, पण बाहेरून. एक्सेल-डीएनए नावाच्या मुक्त स्रोत प्रकल्पाचं इंटेलिसेन्स नावाचं ॲड-इन आहे. ते एक्सएलएल फाइलच्या रूपात मिळतं, फक्त विंडोजवर चालतं, आणि ३२ आणि ६४ बिटसाठी वेगळं असतं; तुमचं विंडोज नव्हे, ऑफिस किती बिटचं आहे ते पाहून घ्यायचं. तुमच्या वर्कबुकमध्ये एक शीट करायची, नाव इंटेलिसेन्स, आधी आणि नंतर अंडरस्कोर, रोमन लिपीत. तिच्या पहिल्या सेलमध्ये फंक्शनइन्फो हा शब्द आणि शेजारी १. दुसऱ्या ओळीपासून प्रत्येक फंक्शनची एक ओळ: नाव, वर्णन, मदतीचा दुवा, मग आर्ग्युमेंटचं नाव आणि त्याचा खुलासा अशा जोड्या. शीट लपवली तरी चालते. ॲड-इन लोड झालं की एक्सेलच्या फंक्शन्ससारखी पट्टी तुमच्याही फंक्शनला येते, आणि ज्या आर्ग्युमेंटवर आहात त्याचा खुलासा दिसतो.

अडचण एकच, ते ॲड-इन प्रत्येकाच्या मशीनवर लागतं. इंटरनेटवरून आलेल्या एक्सएलएल फाइल्स मायक्रोसॉफ्टने २०२३पासून आपोआप अडवायला सुरुवात केली आहे, त्यामुळे ऑफिसच्या आयटीवाल्यांना विश्वासात घ्यावं लागतं. पाच माणसांसाठी ठीक. पन्नास जणांच्या ऑफिसात मी यासाठी भांडलो नसतो.

फंक्शन शुद्ध सूत्रातच मावत असेल, लेटफी मावतंच, तर व्हीबीएच सोडून लॅम्डा वापरा, म्हणजे सूत्रातूनच स्वतःचं फंक्शन बनवू देणारं एक्सेलचं फंक्शन. मायक्रोसॉफ्ट ३६५ आणि एक्सेल २०२४मध्ये ते आहे. कंट्रोल+एफ३ने नेम मॅनेजर उघडा, नवं नाव द्या, खाली लॅम्डाचं सूत्र, आणि मधल्या ‘कॉमेंट’च्या खोक्यात वर्णन, २५५ अक्षरांपर्यंत. हे खोकं जवळजवळ सगळे रिकामं सोडतात. त्यात लिहिलेलं सेलमध्ये नाव टाइप करताना यादीच्या शेजारी दिसतं, म्हणजे व्हीबीएला जे मिळत नाही ते इथे फुकटात. कंस उघडला की आर्ग्युमेंट्सची नावंही येतात, ऐच्छिक असेल ते चौकोनी कंसात. प्रत्येक आर्ग्युमेंटला वेगळा खुलासा मात्र नाही. म्हणून इथे नावांतच एकक कोंबायचं: दर नव्हे, दर_टक्के, अंडरस्कोर चालतो, टिंब चालत नाही. शिवाय फाइल मॅक्रोविना साधी राहते, उघडताना लाल-पिवळ्या सूचना नाहीत.

मराठीचा प्रश्न इथे सुटतो. व्हीबीए एडिटर युनिकोड (सगळ्या लिप्यांची सामाईक संकेतपद्धत) मानत नाही. देवनागरी टाइप किंवा पेस्ट केलं की प्रश्नचिन्हांची रांग उमटते. म्हणून मॅक्रोऑप्शन्सचा मजकूर इंग्रजीत किंवा रोमन लिपीतल्या मराठीत ठेवा, त्यावर वेळ घालवू नका. लॅम्डाच्या कॉमेंटमध्ये देवनागरी चालतं. इंटेलिसेन्सच्या शीटवर तर साधे सेलच असतात, तिथेही चालतं. मराठीत मदत हवी हाच मुख्य आग्रह असेल, तर लॅम्डाकडे जायला हे एकच कारण पुरेसं आहे.

गूगल शीट्समध्ये हे सगळं बरंच सोपं आहे. ॲप्स स्क्रिप्टमध्ये फंक्शनच्या लगेच वर एक कॉमेंट लिहायची. ती तिरपी रेघ आणि दोन तारकांनी सुरू व्हायला हवी, एका तारकेची किंवा दोन तिरप्या रेघांची साधी कॉमेंट चालत नाही. आत पहिल्यांदा वर्णन, मग प्रत्येक आर्ग्युमेंटसाठी ॲट-पॅरॅमची ओळ, उत्तरासाठी ॲट-रिटर्न, आणि शेवटी ॲट-कस्टमफंक्शन. ही शेवटची खूण विसरली तर फंक्शन चालतं, पण टाइप करताना सुचवलं जात नाही. मदत मराठीत लिहिली तर मराठीतच दिसते. एखाद्याला मदतीचं कार्ड दिसतच नसेल तर बहुधा त्याने कधीतरी ते बंद केलेलं असतं. सूत्र लिहिताना शिफ्ट+एफ१ दाबून परत आणता येतं.

स्क्रिप्ट नको असेल तर २०२२पासून शीट्समध्ये नेम्ड फंक्शन्स आहेत, डेटा मेनूमध्ये. तिथे वर्णनासाठी, प्रत्येक आर्ग्युमेंटच्या खुलाशासाठी आणि उदाहरणासाठी वेगवेगळी खोकी दिलेली आहेत. मदत लिहायला यापेक्षा सोयीची जागा मला दुसरीकडे दिसलेली नाही. दुसऱ्या शीटमध्ये ती इंपोर्टही करता येतात.

एक्सेलची जावास्क्रिप्ट ॲड-इन्स लिहीत असाल तर पद्धत गूगलसारखीच, कोडवरची खुणांची कॉमेंट. त्यातून माहितीची जेसॉन फाइल आपोआप बनते आणि वर्णन सेलमध्येही दिसतं. लिबरऑफिसमध्ये साध्या बेसिकने लिहिलेलं फंक्शन सेलमध्ये चालतं, पण फंक्शन विझार्डच्या यादीत येत नाही. तिथे मदत दाखवायची तर रीतसर ॲड-इन घटकच बनवावा लागतो, चार-पाच फंक्शन्ससाठी तो खटाटोप करू नये.

तुमच्या चार-पाच फंक्शन्सपुरतं बोलायचं तर आधी त्यातली कोणती नुसत्या सूत्रात बसतात ते पाहा आणि सगळ्यांकडे नवं एक्सेल असेल तर ती लॅम्डात न्या, कॉमेंट मराठीत. उरलेल्या एक-दोघांना मॅक्रोऑप्शन्स. मजकूर लिहून झाला की ज्याने ते फंक्शन कधीच वापरलेलं नाही अशा एकाला शेजारी बसवा, काही न सांगता कंट्रोल+ए दाबायला लावा, आणि तो पहिल्यांदा कुठल्या खोक्यापाशी थांबतो ते बघा. तिथला खुलासा पुन्हा लिहा.